कडक कारभार

४ मार्च
नामंजूर! न्हावीदादांचा आश्रयाचा अर्ज नामंजूर. कागद मीच त्यांना वाचून दाखवला — दुभाष्याचं कामच ते. "कडक कारभार हे आश्रय देण्याचं कारण होऊ शकत नाही."  कडक कारभार? हे शब्द माझे!

मुलाखतीत अधिकारी बाईंनी विचारलं होतं, "तुमच्या देशात राज्य कसं चालतं?" दादांनी एकच शब्द उच्चारला. त्यांच्या भाषेत तो शिस्तीच्या माणसालाही लावतात आणि कोणाला तोंडच उघडू न देणाऱ्यालाही. जेवणाची सुट्टी जवळ आलेली. मी हाताला लागला तो अर्थ उचलला. दुकानात तिथल्या सत्ताधारी साहेबांची तसबीर लावली नाही म्हणून अकरा दिवस कोठडीत होता हा माणूस! ही हुकूमशाही नाही तर काय?

५ मार्च
डबा न उघडताच घरी परत आणला.

६ मार्च
ह्यांना सांगितलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? नोकरी जाईल." जाईलही. पण गप्प बसले तर दादांना महिनाअखेर परत पाठवतील.

७ मार्च
सांगून टाकलं! बाईंच्या टेबलासमोर उभी राहून, एका दमात — "चूक माझी. शब्द हुकूमशाही होता." त्यांनी चष्मा काढला. "लिहून द्या." दिलं.

बाहेर येऊन दादांची माफी मागितली.  ते म्हणाले, "ताई, माझ्या हातून एकदा एकाची अर्धी मिशी गेली होती. उरलेली अर्धी त्याला विचारूनच काढली." मला हसू आलं — आणि रडूही.

१९ मार्च
दादांची फेरमुलाखत. दुभाषी दुसरा. मी बाहेर बाकावर. दीड तास!

२८ मार्च
मंजूर!! जीव भांड्यात पडला. दादा पायरीवर मटकन बसले, उठायलाच तयार नाहीत. मला नुसती लेखी ताकीद. घरी ह्यांनी चहा केला — स्वतः! साखर विसरले, तरी गोड लागला.

२९ मार्च
आईला फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मीही तुझ्या बाबांचा स्वभाव जरा कडक आहे, असंच सगळ्यांना सांगत आले गं."

"इकडे निघून ये," म्हटलं.

"बॅग भरलेलीच आहे," म्हणाली.