मजुरांचा लॉर्ड हुजुरांच्या बाकावर

३ मार्च
निर्णय पक्का. मजूर पक्ष सोडून हुजूर पक्षात जाणार. कारण निव्वळ तत्त्वाचं. हुजूर पक्षाच्या लॉर्ड फॅनशॉ यांनी मंत्रिपदाचा विषय काढला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. उद्योग खातं असेल, असं ते म्हणाले.
बातमी फुटण्याआधी सिरिलला मी स्वतः सांगायला हवं. नेल्सन गावच्या कापड गिरणीत आम्ही शेजारशेजारच्या मागांवर उभे राहायचो. लॉर्ड होण्याआधीच्या माझ्या प्रत्येक निवडणुकीत हा माणूस पावसात दारोदार फिरलाय. उद्या पत्र.

६ मार्च
पत्र सुरू. 'प्रिय सिरिल' छान जमलंय. पुढचं उद्या.

९ मार्च
रेडिओवर बातमी आली. आता पत्र शिळं वाटेल. विनी म्हणाली, फोन कर. म्हटलं, राजकारण्याची बायको असूनही तुला कळत नाही, अशा गोष्टी समोरासमोर बोलायच्या असतात. मग जा, म्हणाली. हा आठवडा जरा धावपळीचा आहे.

१६ मार्च
उमराव सभेत नव्या बाकावर पहिला दिवस. जुने सहकारी बरोब्बर समोर. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर माझं दोन पानी उत्तर तयार होतं.
मतदानाला दोन्ही बाजू वेगवेगळ्या दालनांत जातात. माझे पाय सवयीने जुन्यांच्याच दालनात गेले. म्हाताऱ्या लेडी क्रॅबट्रीने कोपर धरून हळूच सांगितलं, "हर्बर्ट, बाबा, तू आता पलीकडचा."
कान तापले. सभागृहात उकडतं फार.

२ मे
निवडणूक झाली. सरकार आमचं. 'आमचं' लिहिताना पेन अडखळलं. निब बदलायला हवी. नवा सूट शिवायला टाकला.

५ मे, सकाळ
फोन मोकळा ठेव म्हणून विनीला बजावलं. बहिणीशी नंतरही बोलता येईल.
संध्याकाळ
फोन आला. शिंप्याचा.

१२ मे
मंत्र्यांची यादी पेपरात. तीनदा वाचली. मला सभेच्या उपाहारगृह समितीवर घेतलंय. फॅनशॉ म्हणाले, तुमच्यासारखा तळागाळातला अनुभव तिथेच हवा.

१९ मे
नेल्सनला गेलो. माफी मागायची नाही, फक्त भूमिका समजावायची, असं ठरवलेलं. गाडीत भाषण पाठ केलं. सिरिल चिडेल, हे गृहीत धरलं होतं.
त्याने दार उघडलं. म्हणाला, "या, लॉर्डसाहेब. बसा. चहा घेणार ना तुम्ही?"
चव्वेचाळीस वर्षांत या माणसाने मला 'अरे बर्टी, मेल्या' याखेरीज हाक मारलेली नाही.
त्याने पाहुण्यांच्या कपबशा काढल्या. चहा उत्तम झालाय, असं मी म्हणालो. आभारी आहे, असं तो म्हणाला.
भाषण राहूनच गेलं. परतीची गाडी पाचची होती. साडेतीनलाच उठलो.