सकाळची ठरलेली जागा

६ ऑक्टोबर २००२, रविवार

आला फोन! रात्री आठला पाच कमी असताना. बाबा सहापासूनच फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते. सासरे माझे, वय बाहत्तर, पण रविवार आला की लहान मूल होतात. मांडीवर आमची पूर्वी, पप्पाचा फोन म्हणून. पाच वर्षांची घोडी, उतरायला तयार नाही.

जितेश मजेत आहे. बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्ये सकाळच्या नाश्त्याला वाढायला त्याच्याकडे खिडकीजवळचं टेबल असतं. तिथे रोज तेच म्हातारा-म्हातारी, रोज त्याच दोन खुर्च्यांवर. म्हातारा अंड्यातला पांढरा भाग तेवढा खातो, म्हातारी पिवळा. मी हे मोठ्याने बाबांना सांगितलं तर म्हणतात, "म्हंजे दोघांत एकच अंडं! संसार शिकावा त्यांच्याकडनं." मी इतकी हसले की जितेश तिकडून हॅलो हॅलो करत राहिला.

मी विचारलं, दर रविवारी बोट मायामीला लागते, सहल संपून सगळी माणसं उतरतात म्हणाला होतास ना? तर म्हणे हे दोघं उतरतच नाहीत, बोटीवरच राहतात, पैसेवाले आहेत. असतात बाई एकेकाचे शौक.

जूनमध्ये गेला. नऊ महिन्यांचा करार. मार्चमध्ये घरी! पूर्वीने पडवीच्या भिंतीवर खडूने बोट काढून ठेवलीय. बोटीला चार चाकं आहेत.

१० ऑक्टोबर

केळीचे घड उतरवून घेतले. दिवसभर माणसांच्या मागे उभी. पाठ गेली. झोपते.

१३ ऑक्टोबर, रविवार

फोन. म्हातारा चार दिवस आजारी होता, आज परत आला, आपल्या जागेवर बसला. बाबांना एवढा आनंद की जसा काही यांचाच भाऊ उठून बसला!

बोलताना मागे कुत्रं भुंकलं. "बोटीवर कुत्रं?" म्हटलं. "अगं, धक्क्यावरचं." मग घाईत ठेवला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी क्लेमेंटीनबाय चर्चच्या वेदीसाठी फुलं न्यायला आली. पलीकडच्या आळीतली. तिचा नवरा गॅब्रिएल जितेशच्याच कंपनीत, पण दुसऱ्या बोटीवर. अकरा वर्षं झाली, आता हेडवेटर आहे. जितेशला ही वाट त्यानेच दाखवली.

मी अंड्याची गोष्ट सांगितली. हसली. मग हसता हसता थांबली.

"रोज तीच जागा? सकाळी? नाय गो."

"का?"

"रातच्या जेवनाला ज्याची त्याची जागा ठरलेली असते. सकाळी नि दुपारी नाय. दारात एक माणूस उभा असतो, तो येईल त्याला नेऊन बसवतो. जिथं खुर्ची रिकामी तिथं. आठजणांचं टेबल भरल्याबिगर दुसरं धरत नाय. गॅब्रिएल तेच करतो ना!"

आतून बाबा म्हणाले, "म्हंजे पंगतच की. आला तो बसला."

मी म्हटलं, असेल एकेका बोटीची एकेक रीत. ती 'हं' म्हणाली आणि चाफ्याची फुलं मोजायला लागली. मघाशीच मोजून झाली होती.

मनात पाल चुकचुकली. बोटीवर जायच्या आधी जितेशने माणिकपूरला सहा महिने वेटरचा क्लास केला होता, त्याची वही कपाटात आहे. तेव्हा घरी काय नाटक असायचं! पडवीत खुर्च्या मांडायचा आणि बाबांना पॅसेंजर करायचा. "गुड मॉर्निंग सर! धिस वे प्लीज." बाबा धोतर सावरत त्याच्या मागे मागे. मुद्दाम भलत्याच खुर्चीवर बसायचे आणि हा चिडायचा.

दुपारी वही काढली. त्याच्याच अक्षरात आहे. "ब्रेकफास्ट आणि लंच – ओपन सीटिंग. जागा ठरलेली नाही. गेस्टला आपण नेऊन बसवायचे. डिनर – टेबल व वेटर शेवटपर्यंत तेच." खाली लाल पेनाने दोन रेघा.

वही परत ठेवली. कपाटाला कुलूप घातलं. कशाला घातलं कोण जाणे.

२० ऑक्टोबर, रविवार

फोन आला. विचारलं नाही. बाबा समोर होते म्हणून.

खोटं. घाबरले म्हणून.

२७ ऑक्टोबर, रविवार

आता म्हातारा-म्हातारीबरोबर त्यांची मुलगीही बसते. दुपारच्या जेवणालासुद्धा तिघं तिथेच. तिचं नाव ॲनी. ती नुसता पाला खाते आणि कॉफीत साखर घेत नाही.

"नाव कसं कळलं?"

"सगळ्यांची नावं लक्षात ठेवावी लागतात गं. नोकरी आहे."

खरंच असेल. पण म्हाताऱ्याचं नाव आजवर सांगितलं नाही. म्हातारीचंही नाही.

बाबांनी विचारायला लावलं – तिचा नवरा कुठे? जितेश म्हणाला, नाहीये. सोडून गेला. एवढं कोण वेटरला सांगतं? मी आज हसले नाही आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. बाबा साडेनऊपर्यंत बसले. उद्या लक्ष्मीपूजन, दिवाळीचा तरी करेल म्हणाले.

४ नोव्हेंबर, सोमवार

नाही केला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आला. मंगळवारी! मंगळवारी बोट भर समुद्रात असते, त्यानेच सांगितलेलं. म्हटलं, कुठून बोलतोस? "बोटीवरून. दिवाळी म्हणून स्पेशल परवानगी." आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा.

मग म्हणाला, परवा त्यांनी मला जेवायला बसवलं त्यांच्याबरोबर.

"आणि तू बसलास?"

"बसलो. एक खुर्ची रिकामीच होती."

मागे कुत्रं भुंकलं. तेच. मी त्याचं भुंकणं ओळखते आता. मंगळवारी, भर समुद्रात!

रिसीव्हर उलटाच ठेवला. बाबांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, पूर्वीच्या फटाक्याला दचकले. वहीत पुढच्याच पानावर आहे, मी मघाशी पाहिलं – गेस्टबरोबर टेबलावर बसणाऱ्याला पुढच्या बंदरात उतरवतात.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन मिनिटं. पूर्वीने त्याला विचारलं, पप्पा, बोटीला चाकं असतात ना? हो म्हणाला. ती दिवसभर मला चिडवत होती, बघ मी सांगितलेलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मन चिंती ते वैरी न चिंती. आई म्हणायची ते आता कळतंय. बोट बुडाली असेल इथपासून बोट कधी नव्हतीच इथपर्यंत सगळं मनात येऊन जातं. फोनवर मात्र मी "जेवलास का?" विचारते. तो "जेवलो" म्हणतो. कुठे बसून, ते विचारत नाही.

मार्चमध्ये येतोस ना, एवढं विचारलं. "बघू, करार वाढवतायत बहुतेक." बाबांना हे सांगितलेलं नाही. ते तो आला की ओटीवर टांगायला म्हणून नवीन झोपाळा करून घेतायत.

१८ डिसेंबर, बुधवार

गॅब्रिएल नाताळला आलाय. मी आपणहून गेले. अंगणात येशूच्या गोठ्याचा देखावा बांधत होता, मला बघून पेंढा उचलायला आत गेला. बाहेरच येईना! क्लेमेंटीनबाय ओरडली, "सांग ना तिला! बाई हाय ती, दगड नाय."

आला. खाली बघूनच बोलला.

जितेश ऑगस्टातच बोटीवरून उतरला. मायामीला. सकाळची पाळी केली, युनिफॉर्मची घडी घालून बिछान्यावर ठेवली, जरा बाजारात जाऊन येतो म्हणाला. आला नाही. पासपोर्ट बोटीवरच राहिला. आता तो अमेरिकेत चोरून राहतोय.

"मग मार्चमध्ये?"

"सुरुची, असा उतरलेला परत येत नाय गो. आला तर पुन्हा तिथं पाय ठेवू देत नाय. म्हनून कोन येतच नाय."

"राहतो कुठे? करतो काय?"

"आपली पोरं करतात तेच. रस्त्यावरच्या छोट्या हॉटेलात टेबलं पुसत असंल. सकाळची तिथं ठरलेली गिऱ्हाइकं असतात. रोज येतात, आपल्याच जागेवर बसतात."

त्याला ठाऊक होतं सप्टेंबरपासून. म्हणे, बोटीवरची माणसं एकमेकांच्या घरी असलं कळवत नाहीत. रीत आहे. चांगली आहे रीत!

घरी येईपर्यंत एकच चालू होतं डोक्यात. म्हणजे म्हातारा-म्हातारी खरी. अंडं खरं. खिडकी खरी. समुद्र तेवढा खोटा! मूर्खाला थाप मारतानाही दुसरं काही सुचलं नाही, जे रोज दिसतं तेच सांगत बसला.

मग ॲनी पण खरी. आणि ती रिकामी खुर्ची.

दारात बाबांनी विचारलं, गॅब्रिएल काय म्हणतो आपल्या जितूबद्दल? म्हटलं, बरा आहे म्हणतो. खूप काम आहे म्हणतो. बाबांनी झोपाळ्याच्या कड्या मला हातात घेऊन दाखवल्या. पितळेच्या करवल्यात.

२२ डिसेंबर, रविवार

बाबांना आणि पूर्वीला मुद्दाम चर्चजवळची रोषणाई बघायला पाठवलं. फोन आठला आला. त्याने म्हातारीची गोष्ट सुरू केली, आज तिने म्हणे...

"सकाळी जागा ठरलेली नसते, जितेश."

"कोण म्हणालं?"

"तूच लिहिलंयस. लाल रेघा मारून."

मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, "मी तुमच्यासाठीच करतोय सगळं." म्हटलं, मग घरी ये. आमच्यासाठी घरी ये. बाबांना तू हवायस, पोरीला हवायस, मला हवायस – अजूनही, एवढं होऊनही! नोकरी गेली खड्ड्यात, वाडी आहे, केळी आहेत, उपाशी नाही मरणार. ओरडून बोलत होते. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल सगळं. ऐकू दे.

"सुरुची, तुला नाही कळत."

"ॲनी कोण?"

फोन ठेवला त्याने.

२९ डिसेंबर, रविवार

नाही आला.

५ जानेवारी २००३, रविवार

नाही. बाबांना सांगितलं, बोट लांबच्या देशात गेलीय, तिथून लागत नाही. माझ्या तोंडून कसं सहज आलं! त्यांनी पूर्वीला लगेच समजावलं की लांबच्या समुद्रात फोनच्या तारा नसतात.

१२ जानेवारी, रविवार

बाबा दर थोड्या वेळाने रिसीव्हर उचलून कानाला लावतात, डायल टोन आहे का बघतात. म्हटलं, सारखा उचलला तर तो करेल तेव्हा लागेल कसा? तेव्हापासून हात मांडीवर ठेवून बसलेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही. सांगून टाकावं वाटतं. जीभ रेटत नाही.

संक्रांतीचे लाडू बिघडले. पाक कडक झाला.

१९ जानेवारी, रविवार

आठ वाजता वाजला! बाबांच्या आधी मी उचलला. बाईचा आवाज. इंग्रजी, पण हळूहळू बोलत होती, मला कळावं म्हणून. मी ॲनी. परवा महिना झाला आमच्या लग्नाला. घरचं कुणीच नव्हतं याचं जितेशला फार वाईट वाटतं, तुमच्याशी भांडण झाल्यापासून नीट जेवतही नाही. म्हणून त्याला न सांगता मीच केला फोन. रागावू नका त्याच्यावर. मग म्हणाली, तुम्ही सुरुची ना, त्याची मोठी बहीण?

बाबा समोर उभे राहून खुणेने विचारत होते – जितू? जितू आहे?

मी म्हटलं, हो.