सोळावी पत्री

श्रावण, सोमवार. दुर्गाघाट, दिवेलागण.

उद्या सुनेची, अनघाची, मंगळागौर. माझी ही गेली म्हणून मागच्या साली पूजा राहिली. पूजेला सोळा झाडांची पत्री लागते. मंगळागौर कुणाचीही असो, पत्री आणायला हीच जायची, पुलापलीकडच्या रामधनीच्या बागेत. "एकदा बाग बघायला चला तरी," म्हणायची. आज गेलो. एकटा.

बाग सुंदर आहे, असं लिहायला हवं. मोगऱ्याचे वाफे, बांधावर जास्वंदीची रांग, पावसाने धुतलेले पेरू. सगळं पाहिलं. आत काही हललं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

रामधनीने पानं खुडून ओल्या फडक्यात बांधली. मोजली तर पंधराच झाडांची. म्हटलं, "एक कम है." तो म्हणाला, "बाबूजी, माताजी तो हमेशा पंद्रह ही ले जाती थीं." सोळावी कुठली, मला सांगता येईना. चाळीस वर्षांचा संसार, आणि एवढंही ठाऊक नसावं? रिक्षात फडकं मांडीवर घेऊन तेच घोकत आलो.

घरी अनघाला भीत भीत सांगितलं, पंधराच मिळाली. ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा. मरवा आपल्याच कुंडीतला घेतात. आई सांगून गेल्यात, ही कुंडी सुकू द्यायची नाही."

कुंडी माझ्याच खिडकीत आहे. तिथे बसून वर्षभर चहा प्यालो. पोर रोज पाणी घालत होती, मी पाहिलंच नाही.

फडकं कुंडीशेजारी ठेवलंय. संध्याकाळचं पाणी आज मी घातलं. जरा जास्तच झालं, खाली ओघळलं.