माणसांची नावं बदलली

९ जून २०२४, सेलम

परत आली! पुण्याच्या मासिकाकडून माझी गोष्ट परत आली. दोन ओळींचा मेल — ‘आपले लेखन आमच्या अंकाच्या स्वरूपात बसत नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.’ शुभेच्छा काय भट्टीत घालू?

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. चिमट्यातून वितळलेल्या सोन्याची मूस निसटता निसटता राहिली. लालासाहेब शेठ ओरडले, ‘मल्हार! सोनं हाय ते, शेणाचा गोळा न्हवं!’ शेठ आमच्याच भागातले, विट्याजवळचे. इथं तमिळनाडूत येऊन त्यांनी गलाईचं दुकान टाकलं. सोनार जुने दागिने आणतात, आम्ही ते वितळवून शुद्ध सोनं काढून देतो. सोनारांशी शेठ फडाफडा तमिळ बोलतात. शिव्या मात्र गावाकडच्याच देतात. ऐकून बरं वाटतं.

पिंकीला फोन केला. ‘रडलास का?’ म्हटलं, न्हाई. ‘मग जेव आन् दुसरी लिही.’

१० जून

रडलो होतो. इथं लिहायला काय हरकत आहे.

२३ जून

दुकान बंद. धुणं झालं. आज पिंकीबद्दल लिहितो, कारण तिच्याबद्दल दुसरीकडं कुठं बोलता येत नाही.

आम्ही धनगर, मेंढरामागं फिरणारी माणसं. आठवीनंतर मी शाळा सोडली, मेंढराला माणूस पाहिजे होतं. धाकटी बहीण पिंकी शिकत राहिली. संध्याकाळी ती मला तिचा धडा वाचून दाखवायची आणि मी तिला त्या धड्याचा खोटाच शेवट रचून सांगायचो. ती म्हणायची, ‘पुस्तकापरास तुजाच बरा हाय.’ माझं सगळं लिहिणं त्या एका वाक्यावर चाललंय!

चार वर्षांमागं तिनं राजरत्नशी लग्न केलं. कॉलेजातली ओळख. तो बौद्ध घरातला. आण्णा त्या दिवशी एकच वाक्य बोलले — ‘आपल्याला लेक न्हवती.’ तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. आईसुद्धा नाही.

मी तिच्याशी बोलतो हे कुणाला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये तिचं नाव ‘गॅस एजन्सी’ आहे. शेठ एकदा म्हणाले, ‘तुजा गॅस लय लवकर संपतो रं!’

७ जुलै

आईचा फोन. आण्णांनी म्हातारी मेंढरं बाजारात विकली. दरवर्षी विकतात. दात पडलेलं मेंढरू नीट चरत नाही. आई बोलता बोलता म्हणाली, ‘काजळी तेवढी ठिवली बग. व्यापारी म्हनला, धोंडीबा, हिला काय दूधभाकरी चारनार का? तर ह्ये म्हनलं, चारीन की! तुज्या बाचं काय जातंय?’

आई हसली. मीही हसलो. 

काजळी पिंकीची. आई मेलेलं कोकरू, पिंकीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. डोळ्याभोवती काळं, म्हणून नावही तिनंच ठेवलं. आण्णा लेकीचं नाव घेत नाहीत. पण तिनं ठेवलेलं नाव दिवसातून किती वेळा घेत असतील!

इथंच गोष्ट आहे. इथंच आहे! 

१४ जुलै

गोष्ट पळतेय. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून फोनवर टाइप करतो. अंगठा दुखून आला.

आण्णांचा ‘खंडू’ केला. पिंकीची ‘सगुणा’. आमचं गाव उचलून पार मेढा गावाकडं नेऊन ठेवलं, तिकडं डोंगर आहे, कुणाला संशय यायचा नाही. राजरत्नचं उंब्रजला फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्याला शिलाई मशीनवर बसवलं. पिंकी म्हणाली, ‘त्यास्नी सुईत दोरा ओवता येत न्हाई. माज्या नवऱ्याचा अपमान केलास.’

लेकीला मुलगी झालीय आणि बापाला ते माहीतच नाही — एवढं मात्र खरं ठेवलं. ते काढलं तर गोष्टीत जीव राहत नाही.

२८ जुलै

उत्कर्षा वहिनींना वाचायला दिली. वहिनी म्हणजे शेठांच्या बायको. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. गावावरून येताना पिशवीभर दिवाळी अंक आणतात, मी तेच वर्षभर पुरवून पुरवून वाचतो. त्यातली एकेक गोष्ट वाचून वाटतं, आपलं नाव असं कवा येणार?

वहिनींनी चष्मा काढला. ‘छान आहे रे. पण लोकर कातरायची तीन पानं कशाला? कचरा काढून टाक.’

म्हटलं, ‘आवं वहिनी, आपल्या धंद्यात दुकानातला कचराबी कुनी टाकतं का? त्यात सोन्याचं कण असत्यात.’

‘मग धू, आणि कण तेवढे ठेव!’

तीन पानांच्या चार ओळी झाल्या. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. मग परत वाचली. वहिनींचं बरोबर होतं.

‘सुचली कुठून तुला ही?’ म्हणाल्या. म्हटलं, सुचली अशीच.

११ ऑगस्ट

सांगलीच्या एका दिवाळी अंकाला पाठवली, सोबत स्वतःबद्दल चार ओळी. आता फोन बघायचा नाही. (दहा वेळा बघितला.)

३० ऑगस्ट

घेतली! घेतली! घेतली!

फोन आला तेव्हा भट्टीपाशी होतो. ‘मल्हार बोलताय का? मी ऋषिराज, सांगलीहून, अंकाचा संपादक. तुमची कथा घेतोय.’

मी विचारलं, ‘कुठं?’

काय हा प्रश्न! ते हसले. ‘अंकात हो, आणखी कुठं?’ म्हणाले, फारसं काही बदलणार नाही, फक्त फोटो आणि परिचय पाठवा. मी भीत भीत विचारलं, टोपणनाव चालंल का? ‘का हो? मेंढपाळाचा मुलगा, आठवी शिकलेला, परमुलखात भट्टीपुढं उभा राहतो आणि अशी कथा लिहितो — हे तर मला वाचकांना सांगायचंय! टोपणनाव घातलं तर परिचय गाळावा लागेल. दोन दिवसांत कळवा.’

खरं लिहितो. मला माझं नाव पाहिजे. शाळेच्या दाखल्यानंतर ते कुठं उमटलेलंच नाही.

पण आण्णांना कळलं तर? मी पिंकीशी बोलतो हे कळलं तर? ‘आपल्याला ल्योकबी न्हवता’ म्हणायला त्यांना कितीसा वेळ लागणार! मग जत्रेला सगळे गलाईवाले आपापल्या गावी जातील, तेव्हा मी कुणाच्या घरी जाऊ?

१ सप्टेंबर

पिंकीलाच विचारलं. म्हटलं, गोष्ट तुझी आहे, तू सांग.

‘गोष्ट तुजी हाय. जल्म माजा हाय.’ मग म्हणाली — ‘माजं नाव त्या घरात कुनी घेत न्हाई. तुजं तरी छापून यिऊ दे. घाल नाव.’

‘आन् कळलं तर?’

‘समद्यांची नावं बदललीस की रं. कसं कळंल?’

कळवून टाकलं. स्वतःचं नाव. दाढी करून फोटोही काढला. पिंकी म्हणाली, ‘लेखक न्हाई, नवरदेव दिसतूयास.’

२० ऑक्टोबर

अंक आला! कुरिअरवाल्यापुढंच पाकीट फाडलं. शाईचा वास. आत माझं नाव, खाली फोटो, खाली ‘गलाई कामगार, सेलम’. बोट फिरवून बघितलं.

दुपारी जिन्यात बसून परक्या माणसाची गोष्ट असल्यासारखी वाचायला घेतली. दुसऱ्याच पानावर अडलो.

‘काजळी.’

माणसांची नावं बदलली. मेंढराचं तसंच राहिलं! व्यापाऱ्याचं बोलणंही जसंच्या तसं, दूधभाकरीसकट. ते बदलायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. माणसाचं काय, त्याला कुणी काहीही म्हणतं. पण दुसऱ्या नावानं हाक मारली तर मेंढरू वळूनही बघत नाही. काजळीला मी दुसरं काय म्हणणार होतो?

पिंकीला सांगितलं. ‘आरं द्येवा! मी चारदा वाचली. मलाबी न्हाई दिसलं.’

२१ ऑक्टोबर

आमच्या गावात दिवाळी अंक कोण वाचतं? कुणीच नाही. उगाच भितोय.

२२ ऑक्टोबर

वहिनींनी सगळी पानं गलाईवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. ‘आपला मल्हार लेखक झाला!’ खाली हारफुलं, टाळ्या, नमस्कार. त्या ग्रुपवर आमच्या गावची निम्मी घरं आहेत.

शेठांनी पेढे वाटले. शेजारच्या दुकानात जाऊन म्हणाले, ‘तुमच्यात हाय का आसा एक तरी?’ माझ्या पाठीवर थाप मारली. मी पेढा तोंडात धरून उभा. 

२५ ऑक्टोबर

आईचा फोन. आवाजावरूनच कळलं.

चुलत्याची सोनम बारावीला आहे, तिच्या फोनवर गोष्ट आली. कौतुकानं ती आण्णांना वाचून दाखवायला गेली. काजळी आली तसं आण्णा म्हणाले, ‘थांब.’ मग म्हणाले, ‘पयल्यापास्नं वाच.’ सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘ह्ये कुनाकुनाला कळतंय?’ आणि उठून मेंढराकडं गेले.

‘दोन दीस झालं, नीट जेवलं न्हाईत,’ आई म्हणाली. मी म्हटलं, आई, चुकलं माझं. ती हळूच म्हणाली — ‘त्या गोष्टीत लिवलंयस, लेकीला लेक झाली म्हनून. खरं हाय?’

‘व्हय.’

‘नाव काय ठिवलं?’

‘प्रांजल.’

आईनं दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडात ते बसेना. ‘ऱ्हाती कुठं?’ सांगितलं — उंब्रज, हायवेच्या कडेला, फ्लेक्सचं दुकान, मागं खोली. तिनं फोन ठेवला.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. घरी फोन केला. ‘आण्णांना दे.’ आई म्हणाली, ‘मेंढराकडं गेल्यात.’ मागं आण्णांचा खोकला ऐकू आला.

१० नोव्हेंबर

ऋषिराज सरांचा फोन. वाचकांचे फोन येतायत म्हणे, एक बाई तर रडल्या. ‘आणखी सात-आठ कथा अशाच उतरल्या तर पुस्तकाचं बघू.’

पुस्तक! चार महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर शेठांच्या टेबलावर चढून नाचलो असतो. आज हूं हूं करत ऐकलं. एका गोष्टीत बाप बोलायचा बंद झाला. पुस्तक काढलं तर काय उरंल?

पिंकीला म्हटलं, मी लिहायचं बंद करतो. भडकली. ‘मी घर सोडलं तवा कुनी इचारलं न्हाई कशी हायस म्हनून. तू चार पानं लिवलीस, आन् आईनं माज्या पोरीचं नाव इचारलं. बंद करतोय म्हनं! कर, मग बघते तुला.’

तिची पोरगी मागं किंचाळत होती. तिलाही दोन शब्द सुनावले आणि फोन आपटला.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर आण्णा मेंढरं घेऊन मावळतीला निघतात, उंब्रजवरून पाटणच्या डोंगराकडं, चाऱ्याला. निघताना मला फोन असतोच, ‘निघालो रं’ एवढाच. यंदा आला नाही. आई गुडघ्यामुळं घरीच राहिलीय, तिनं सांगितलं — परवाच गेले, चुलत्याला घेऊन.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? ‘न्हाई.’ शिव्यासुद्धा नाही? ‘न्हाई रं पोरा.’

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

नवीन गोष्टीच्या आठ ओळी लिहिल्या. आठही पुसल्या.

२७ नोव्हेंबर

दुपारी, ऐन कामात, पिंकीचा फोन. आवाज अगदी बारीक. ‘आण्णा दारात हुबं हायती. काय बोलंनात. मीबी. तू लिवतोस न्हवं रं? सांग की लवकर, काय बोलू?’

 एक ओळ सुचली नाही.

म्हटलं, ‘पानी दे.’

तिनं फोन बंद केला नाही. तांब्याचा आवाज आला.  मग आण्णा —

‘आजून दे.’