आखाड्यावर न्यायची पिशवी

नांदेड, भाद्रपद वद्य षष्ठी, संध्याकाळ

नव्या पिशवीची चेन अर्ध्यावरच अडते. समस्त अधर्माचा उगम इथेच असावा.

उद्या मुखेडकडे, थोरल्या दादाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर जायचं. तो बैलांपाशी तिथंच राहतो आणि ओढ्याचं पाणी गोठ्यापर्यंत आलंय. टॉर्च, दोर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, तुरटी, बिस्किटं. आणि चाकू? मागच्या पुरात शेजाऱ्याची जनावरं दाव्याला बांधलेलीच बुडाली. चाकू हवाच.

बायको पिशवीत डोकावली. "दोर नेऊन राहिलात, पण तुम्हाला पोहता कुठं येतंय?"

"दोराला येतं," मी म्हणालो. ती हसली नाही.

फोनवर दादाला चाकूचं सांगितलं तर तो भडकलाच. "आत्ता पोळ्याला ज्यांच्या पाया पडलो, त्यांची दावी कापून पाण्यात सोडू व्हय रे? त्यापरीस मीच थांबतो त्यांच्यापाशी."

चाकूला धार लावून ठेवली आहे. दावी मी कापीन, शिव्याही खाईन. पण कंबरभर पाण्यात दादा जागचा हललाच नाही तर? अंगानं तो माझ्या दुप्पट. त्याला ओढून आणणं मला जमणार नाही, आणि भीती फक्त तेवढीच आहे.