ओट्यामागची वाकडी टाइल

रविवार संध्याकाळ, ख्राइस्टचर्च

मी आणि बायको मृणाल इटलीहून आजच परतलो. बॅगा अजून दारातच आहेत, पण आधी हे लिहून टाकतो.

राव्हेनाच्या एका जुन्या चर्चमध्ये, बॅसिलिकात, भिंतभर मोझेइकचे सोनेरी काचतुकडे, आणि एकही सरळ बसवलेला नाही! माझ्यातला इंजिनियर चरफडला. गाइडबाई म्हणाल्या, "मुद्दाम तिरके बसवलेत, उजेड खेळावा म्हणून." मी एक पाऊल सरकलो आणि अख्खी भिंत लखलखली.

तिथेच मला आमच्या ओट्यामागची वाकडी टाइल आठवली. तिच्यापायी मी टाइल बसवणाऱ्या बिचाऱ्या टॉमला दोनदा बोलावून, स्पिरिट लेव्हल लावून दाखवली होती. नको तितकं बोललोही होतो. सकाळच्या उन्हात तीच एक टाइल चमकायची, हे मला तेव्हा का दिसलं नाही? विमानातच ठरवलं, टॉमला फोन करायचा. सॉरी म्हणायचं आणि टाइल राहू दे म्हणायचं.

घरी आल्या आल्या ओट्याशी गेलो. टाइल सरळ! लेव्हल लावली, तर बुडबुडा बरोबर मध्ये.

"इटलीला निघताना मीच टॉमला घराची किल्ली दिली होती," मृणाल म्हणाली. "तुला सरप्राइज! झालं ना समाधान?"

आता ती पुन्हा वाकडी करून दे, हे टॉमला कुठल्या तोंडाने सांगू?