मापात न बसलेला चुडा

भोर, ता. १२ फेब्रुवारी १९३६

रा. रा. कुंडलिकराव यांस,
कोंडिबाचा रामराम. इकडे सर्व ठीक. हरभरा काढणीला आला आहे. तुमची आजारी कालवड आता चारा खाते का, ते कळवावे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे तेरावे तिच्या सासरी आंबवड्याला झाले, त्याला पंधरवडा उलटला. त्या दिवशी पंगतीतून मी तुमच्याशी न बोलता उठलो. तुम्हाला ते लागले असेल. मला तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहितो.

अक्का दोन वर्षे आजारी होती. सगळे तिला आळशी म्हणत होते. पुरुषाने पुरुषाला हे लिहू नये, पण तिची पाळी गेली तेव्हा तिच्या सासूला आनंद झाला. "बरं झालं, आता महिनाभर हाताशी ऱ्हाईल," असे म्हातारी माझ्यासमोर म्हणाली. बाहेर बसायचे चार दिवस, एवढीच अक्काची विश्रांती होती. ती विश्रांतीही गेली आणि त्याच सुमारास तिच्या अंगातली ताकदही गेली.

तोंड सुजले. वेणी बोटाएवढी राहिली. आवाज घोगरा झाला. चैत्राच्या उन्हात ती घोंगडी पांघरून चुलीपाशी बसायची. काही विचारले तर उत्तर यायला वेळ लागायचा. "खाऊन खाऊन माजलीया," म्हणायचे. ती धड अर्धी भाकरी खात नव्हती.

पौषातल्या थंडीत एका सकाळी ती उठेना. "सोंग करती," म्हणून सासूने घागरीतले गार पाणी तिच्या अंगावर ओतले. अक्का पुन्हा उठली नाही.

सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायला घेतला. बांगडी हातात जाईना. चुलतसासू साळूबाईने तेल लावून पंजा दाबला, मुरगाळला. दोन बांगड्या फुटल्या. "मेल्यावर बी आडमुठीच!" ती म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी दारात उभा होतो. मला शिसारी आली. अजूनही ते तेल लावलेले हात डोळ्यांपुढे आले की जेवण जात नाही.

परवा पुण्याला गेलो होतो. तिथे एका लेडी डॉक्टरना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते, ती मंद पडली की असे होते. पाळी जायच्या वयात बायकांना हे पुष्कळदा होते, आणि सगळे वयावर ढकलतात, म्हणून कोणी बघत नाही. गळ्याला गाठ दिसेलच असेही नाही. मेंढीच्या त्याच ग्रंथीच्या गोळ्या मिळतात. वेळेवर दिल्या तर बाई बरी होते. अक्का बरी झाली असती का, असे मी विचारले. "बहुधा," म्हणाल्या.

कुंडलिकराव, आता खरे लिहितो. तेराव्याला माझी धाकटी बहीण, तुमची फुलाबाई, वाढत होती. तुम्ही भर पंगतीत म्हणालात, "आमची बी थोरलीच्याच वळणावर गेलीया. पाळी गेली आन् बाईची म्हस झाली. बसल्या जागी घोरती!" पंगत हसली. फुलाही हसली, पण सगळ्यांचे हसून झाल्यावर. तेवढा वेळ तिला कळायला लागला. माझ्या पानात भात वाढताना तिचा आवाज ऐकला. तो अक्काचा आवाज होता. तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, भोवती काळे वळ होते.

तुमच्या त्या हसण्याची मला किळस आली. अजून आहे. पण त्यासाठी हे पत्र नाही.

फुलाबद्दल डॉक्टर म्हणाल्या, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, घेऊन या. तुम्ही फुलाला गाडीने नसरापूरपर्यंत आणा. येत्या बुधवारी मी सकाळी तिथे थांबतो. पुढे मोटारीने मी नेईन. गाडीत घोंगडी द्या, तिला थंडी सोसत नाही. बांगड्या आधी कासाराकडून कापून घ्या. तुमच्या आईने अपशकुन म्हटले तर माझे नाव सांगा.

बुधवारी गाडी आली नाही, तर संध्याकाळी मी पालीला तुमच्या दारात येईन. न बोलता उठून जाणार नाही. दुसऱ्या बहिणीचा हात मुरगाळताना मी बघणार नाही.

फुला आहे तोवर तुमचा मेव्हणा,
कोंडिबा